चालू करण्यापुरता अधिकार

चैत्र यात्रेच्या दिवशी कोल्हापूरजवळ केर्लीकडून जोतिबाचा डोंगर चढणाऱ्या मोटरसायकलींच्या इंजिनाची जी परीक्षा होते, ती प्रयोगशाळेत मुद्दाम मांडायची म्हटली तरी इतकी नेमकी जमणार नाही. ऊन अडतीस अंशांच्या घरात, मागे एक माणूस बसलेला, पुढे गुलालाने माखलेल्या जीपगाड्यांची आणि एसटीची रांग, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, आणि वारा नाही. यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एरवी मोटरसायकलचे इंजिन थंड ठेवण्याचे बहुतेक काम समोरून येणारा वारा फुकटात करतो. तो थांबला की रेडिएटरमागच्या छोट्या विजेच्या पंख्यावर सगळा भार येतो. मीटरवरच्या तापमानाच्या दांड्या एकेक करून चढू लागतात, पंखा मात्र अजून फिरत नसतो. अशा वेळी गाडीवाल्याच्या मनात येते की हँडलवर एक बटण हवे होते, आपल्याला वाटेल तेव्हा पंखा सुरू करता आला असता. ही इच्छा अगदी रास्त आहे आणि ती पुरी करायला फार खर्चही येत नाही. प्रश्न आहे तो त्या बटणाला नेमका किती अधिकार द्यायचा याचा. या प्रकरणातले म्हणणे असे, की बटणाने पंखा फक्त चालू करता यावा. बंद करण्याचा अधिकार त्याला मुळीच असू नये. वायर कुठे कापायची, रिले कुठे बसवायचा, फ्यूज किती अँपिअरचा घ्यायचा, हे सारे तपशील या एका अटीतून निघतात.

आधी यंत्रणा पाहू. हीरो स्प्लेंडर किंवा जुनी बुलेट यांच्या सिलिंडरवरच्या कल्ल्यांना वारा लागला की काम भागत असे. तिथे रेडिएटरही नव्हता आणि पंखाही. पाण्याने थंड होणाऱ्या मोटरसायकली आपल्याकडच्या तरुणांच्या आवाक्यात आल्या त्या २००८ च्या यामाहा आर१५ पासून. पुढे २०१२ मध्ये चाकणच्या बजाज कारखान्यातून पल्सर २०० एनएस आणि केटीएम ड्यूक २०० बाहेर पडल्या, २०१३ मध्ये ड्यूक ३९० आली, आणि २०२३ मध्ये रॉयल एनफील्डची हिमालयनही पाण्यावर आली. या सगळ्यांत मांडणी साधारण एकच. इंजिनाच्या सिलिंडरभोवती फिरणारे कूलंट आधी थर्मोस्टॅट नावाच्या झडपेपाशी येते. ही झडप मेणाच्या गोळीवर चालते आणि साधारण ऐंशी अंशांच्या आसपास उघडू लागते. ती उघडली की कूलंट रेडिएटरकडे जाते. तिथेही तापमान वाढतच राहिले, तर शंभर ते एकशे पाच अंशांच्या दरम्यान पंखा सुरू होतो आणि पाच-दहा अंश उतरल्यावर बंद होतो. नेमके आकडे गाडीगणिक बदलतात. पंखा सुरू करण्याचा हुकूम जुन्या पद्धतीत रेडिएटरमध्ये बसवलेला थर्मोस्विच देतो, आणि फ्यूएल इंजेक्शनच्या गाड्यांत तापमानाचा सेन्सर पाहून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, देतो.

शंभराच्या पुढचा आकडा पाहून माणूस घाबरतो, कारण पाणी शंभराला उकळते हे शाळेत शिकलेले असते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. इथे उघड्या पातेल्यातले पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते, म्हणजे धास्ती आणखी दोन अंशांनी वाढायला हरकत नाही. पण रेडिएटर हे उघडे पातेले नव्हे. त्याचे झाकण सुमारे १.१ बार दाब आत धरून ठेवते, आणि त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा एकशे वीस अंशांपर्यंत उकळत नाही. अर्धे पाणी आणि अर्धे इथिलीन ग्लायकॉल असेल तर मर्यादा आणखी काही अंश वर जाते. कंपनीने पंख्यासाठी एकशे पाचाचा आकडा निवडताना उकळबिंदूपासून चांगले अंतर राखलेले असते. गरम इंजिनात तेल पातळ राहते, पेट्रोल नीट जळते आणि पंख्याची मोटर विनाकारण झिजत नाही, म्हणून तो आकडा मुद्दाम वर ठेवलेला असतो. म्हणजे यंत्रणा नीट असेल तर इंजिनाला आपल्या बटणाची गरज नसते, हे पहिल्यांदा मान्य करून टाकले पाहिजे. बटण लावणाऱ्या दहा जणांपैकी बरेच जण इथेच फसतात. इंजिन वाचवतो आहोत अशा समजुतीने ते निरोगी यंत्रणेवर शस्त्रक्रिया करतात.

हिशेब केला तर हे अधिक स्पष्ट होते. सिग्नलला उभ्या असलेल्या एखाद्या मध्यम गाडीचे इंजिन तासाला अर्धा लिटर पेट्रोल खाते असे धरू. एका लिटरमध्ये सुमारे ३२ ते ३४ मेगाज्यूल ऊर्जा असते, तेव्हा साडेचार किलोवॉटच्या आसपास उष्णता निर्माण होत राहते. तिचा ढोबळ तिसरा हिस्सा, म्हणजे दीड किलोवॉट, कूलंटच्या वाट्याला येतो. बाकीची सायलेन्सरमधून आणि इंजिनाच्या अंगावरून जाते. आता पंख्याची ताकद पाहा. वहीच्या पानाएवढा, म्हणजे पंचवीस बाय पंधरा सेंटिमीटरचा रेडिएटर आणि त्यातून सेकंदाला दोन मीटर वेगाने ओढली जाणारी हवा असे धरले, आणि ती हवा जाताजाता तीस अंशांनी तापली, तर सुमारे अडीच किलोवॉट उष्णता बाहेर पडते. दीड निर्माण होते आणि अडीच बाहेर टाकण्याची सोय आहे. कावळा नाक्यावर कितीही वेळ खोळंबा झाला तरी पंखा जिंकतोच. जोतिबाच्या चढावर गणित जरा अवघड होते. गाडी आणि दोन माणसे मिळून तीनशे दहा किलो वजन ताशी वीस किलोमीटरने आठ टक्के चढावर न्यायचे तर नुसत्या उंचीसाठी सव्वा ते दीड किलोवॉट यांत्रिक शक्ती लागते. त्या संथ चालीत इंजिनाची कार्यक्षमता वीस टक्क्यांच्या आसपास धरली, तर कूलंटला अडीच किलोवॉट किंवा थोडी जास्तच उष्णता झेलावी लागते. म्हणजे पंखा एकटा असता तर जेमतेम बरोबरीत राहिला असता, पण ताशी वीसचा का होईना, वारा असतो आणि तो मदतीला येतो. वेग चाळीस-पन्नासच्या वर गेला की हा सगळा विचारच संपतो. तिथे समोरचा वारा पंख्याच्या वाऱ्याच्या पाचपटीहून अधिक असतो, आणि उजळाईवाडीच्या पुढे हायवेवर बटण दाबून पंखा फिरवणे म्हणजे बॅटरीतली वीज वाऱ्यावर सोडणे.

मग एकशे पाचाऐवजी नव्वदला पंखा लावल्याने हाती काय लागते? पहिली गोष्ट, पायाला लागणारी धग कमी होत नाही. पेट्रोल जेवढे जळते तेवढी उष्णता निघतेच. पंखा ती फक्त उचलून मागे फेकतो, आणि मागे गाडीवाल्याचे गुडघे असतात. लवकर सुरू केलेला पंखा धग लवकर पोहोचवतो, एवढेच. एकदम येणारा तापलेला झोत सौम्य होतो हे खरे, पण आराम मिळेल म्हणून बटण लावणाऱ्याने फार आशा ठेवू नये. दुसरी गोष्ट म्हणजे अवधी. कूलंट आणि इंजिनाचा धातू मिळून एक अंश तापायला वीस किलोज्यूलच्या आसपास उष्णता लागते असे धरले, आणि पंखा नसताना एक किलोवॉट आत साठत गेली, तर तापमान मिनिटाला तीन अंशांनी चढते. पंचाऐंशीवरून एकशे पाचावर पोहोचायला सहा-सात मिनिटे मिळतात. मोठा चढ किंवा लांबलचक कोंडी समोर दिसत असताना पंखा आधीच सुरू करणारा माणूस ही मिनिटे गाठीशी ठेवतो. सेन्सरला पुढचा रस्ता दिसत नाही, माणसाला दिसतो. माणसाच्या हातात बटण देण्यामागचे हे सगळ्यात भक्कम कारण. आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत मोलाची वाटते: थर्मोस्विच चिकटला, रिलेचे काँटॅक्ट जळले किंवा सेन्सर चुकीचे तापमान सांगू लागला, तर बटण ही दुसरी वाट असते. गगनबावड्याच्या घाटात रिले मेला तर गॅरेज शोधत बसण्यापेक्षा अंगठ्याने पंखा सुरू करून घरी येता येते. निरोगी यंत्रणेत हे बटण महिनोन्महिने वापरात येणार नाही, आणि तसेच असायला हवे.

इथे जुना आक्षेप येतो: पंखा सतत फिरत राहिला तर इंजिन गार पडेल, मायलेज जाईल, तेलात पेट्रोल उतरेल. थर्मोस्टॅट जागेवर असेल तर या आक्षेपात दम नाही. रेडिएटर कितीही थंड केला तरी झडप ऐंशीच्या खाली कूलंट तिकडे जाऊच देत नाही. पंखा आणि झडप यांच्यात खालच्या तापमानाचा निर्णय नेहमी झडपेचा असतो. पण अनेक गॅरेजांत ‘गाडी तापते’ म्हटले की पहिला उपाय म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकला जातो. अशा गाडीवर सतत पंखा चालवला तर आक्षेपातले सगळे अनिष्ट घडते. म्हणून बटण लावण्याआधी झडप आत आहे की नाही हे विचारून घ्यावे. सोबत कूलंटची पातळी, झाकणाचे रबर, आत अडकलेली हवा आणि रेडिएटरच्या जाळीत बसलेला चिखलही पाहावा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून रोज ये-जा करणाऱ्या गाडीच्या जाळीत धूळ आणि पाचटाचा भुगा इतका घट्ट बसतो, की पंखा पुरेसा आहे आणि हवा नाही अशी अवस्था होते. त्यावर बटण हा उपाय नव्हे. पाण्याची हलकी धार आणि मऊ ब्रश हा आहे.

आता बंद करण्याच्या अधिकाराचा मुद्दा. कोल्हापुरात हा प्रश्न समजून घ्यायला पंचगंगेकाठच्या मोटरपंपाच्या पेटीसारखे दुसरे उदाहरण नाही. तिथे ऑटोस्विच असतो आणि हाताने चालू-बंद करण्याची सोयही असते. बंद करण्याची सोय तिथे अत्यावश्यक आहे, कारण विहिरीतले पाणी खाली गेले आणि पंप कोरडा चालला तर मोटर जळते. शिवाय वीज आल्याबरोबर सगळे पंप एकदम सुरू होऊन रोहित्रावर ताण येतो, म्हणून महावितरण ऑटोस्विच काढा असे वारंवार सांगत असते. म्हणजे पंपाच्या बाबतीत नको तेव्हा चालू राहणे ही आपत्ती आहे. रेडिएटरच्या पंख्याचे नेमके उलट आहे. तो नको तेव्हा चालू राहिला तर थोडी वीज जाते आणि मोटरचे ब्रश थोडे झिजतात. हवा तेव्हा बंद राहिला तर कूलंट उतू जाते, हेड गॅस्केट जाते, आणि दुर्लक्ष फार झाले तर हेड वाकते. नुकसान असे एका बाजूला कललेले असेल, तर विसराळूपणाचा परिणाम स्वस्त बाजूला पडेल अशी मांडणी करणे शहाणपणाचे. ऑन आणि ऑटो अशा दोनच जागा असलेले बटण विसरले तरी काही बिघडत नाही. ऑन आणि ऑफ अशा जागा असतील तर महाद्वार रोडवरच्या नवरात्रातल्या गर्दीत एक विस्मरण पुरेसे आहे, आणि माणसाचे लक्ष नेमके अशाच गर्दीत भलतीकडे असते. सरकारनेही याच तर्काने एक बटण काढून घेतले आहे. १ एप्रिल २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेतो जळतच राहतो. हँडलवर डिपर राहिला, बंद करण्याची सोय गेली. दिवसा दिवा लावण्याचा निर्णय रोज कोट्यवधी चालकांच्या आठवणीवर सोडण्यापेक्षा तो त्यांच्या हातातूनच काढणे बरे, असा तो विचार.

हा तर्क शेवटपर्यंत नेला तर एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. सेन्सर गेला की पंखा चावीच्या लाइनवर ‘डायरेक्ट’ करून टाकणारा उद्यमनगरातला मेस्त्री आणि मूळ वायर कापून हँडलवर झकास ऑन-ऑफ बटण लावणारा हौशी तरुण, या दोघांत मेस्त्री बरोबर आहे. त्याच्या गाडीत थर्मोस्टॅट असेल तर इंजिनाला धोका नाही. पंखा कायम फिरतो, लवकर झिजतो, स्टार्टर मारताना बॅटरीवर थोडा जास्त भार पडतो, इतकेच. तरुणाने मात्र एक चांगली स्वयंचलित यंत्रणा काढून तिच्या जागी स्वतःची स्मरणशक्ती बसवली. म्हादबा मेस्त्रींसारख्या जुन्या कारागिरांपासून चालत आलेल्या कोल्हापूरच्या कारागिरीत जे आहे त्यावर काम भागवण्याची मोठी हुशारी आहे, आणि ‘डायरेक्ट’ हे तिचेच एक रूप. तरी तो तात्पुरता उपाय म्हणून ठीक. कायमचा उपाय दोन वाटांचा हवा.

दोन वाटा म्हणजे विजेच्या भाषेत समांतर जोडणी. यापैकी एक वाट जुळली तरी पंखा फिरतो; थांबायला दोन्ही तुटाव्या लागतात. ऑफची जागा नसलेले बटण हे समांतर जोडणीतून आपोआप मिळते, त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. थर्मोस्विचच्या जुन्या गाड्यांत काम सर्वांत सोपे: थर्मोस्विचच्या दोन टोकांना समांतर बटण जोडले की झाले. फक्त त्या स्विचमधून पंख्याचा पूर्ण प्रवाह जातो की रिलेच्या कॉइलचा, हे आधी पाहावे. ईसीयूच्या गाड्यांत बहुधा ईसीयू रिलेच्या कॉइलची एक बाजू अर्थ करतो. त्याच वायरला समांतर बटण लावून ती अर्थ केली तर पंखा सुरू होतो, आणि अनेक जण असेच करतात. मला हा मार्ग नव्या गाड्यांवर पसंत नाही. १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ प्रदूषण नियमांनंतर आणि विशेषतः २०२३ पासून दुचाकींत आलेल्या ओबीडी-२ नंतर ईसीयू आपल्या वायरींवर लक्ष ठेवू लागला आहे. आपण न सांगता ती लाइन अर्थ झालेली त्याला दिसली, तर तो दोष समजून मीटरवर दिवा लावू शकतो. शिवाय मूळ रिलेच जळाला असेल तर या बटणाचा काही उपयोग नाही; म्हणजे दुसरी वाट म्हणून ती लटकी ठरते.

म्हणून स्वतंत्र रिले घ्यावा. बॅटरीच्या प्लसमधून नवा फ्यूज, तिथून रिलेचा ३० नंबर, ८७ नंबरमधून थेट पंख्याची प्लस वायर. कॉइलच्या ८६ ला चावीनंतर जिवंत होणारी लाइन, ८५ हँडलवरच्या बटणातून अर्थला. ईसीयूच्या एकाही वायरला हात लागत नाही. पण ही जोडणी करण्याआधी एक चाचणी चुकवू नये, कारण सर्व गाड्यांत पंख्याची प्लस बाजू तोडलेली नसते. चावी चालू, पंखा बंद, मल्टिमीटरचे काळे टोक अर्थला, आणि लाल टोक पंख्याच्या दोन्ही वायरींना आळीपाळीने लावून पाहावे. दोन्हीकडे शून्य आले तर पंखा प्लस बाजूने तोडला आहे आणि वरची जोडणी बरोबर. दोन्हीकडे बारा व्होल्ट दिसले तर प्लस आधीच येऊन बसला आहे आणि खंड अर्थच्या बाजूला आहे. अशा गाडीत नव्या रिलेने प्लस दिला तर पंखा फिरत नाहीच. वर बॅटरीची वीज उलटी चावीच्या लाइनमध्ये शिरते, त्या लाइनवर आपल्याच रिलेची कॉइल टिकून राहते, आणि बटण ऑन असताना चावी काढली तरी गाडी बंद होत नाही. अशा गाडीत रिलेने पंख्याची मायनस वायर अर्थला जोडावी. वायर कापण्याआधी दोन मिनिटे मीटर लावण्याने ही सगळी फजिती टळते.

पाच पिनांचा रिले वापरून याहून देखणी जोडणी करता येते, आणि तिचा पुरस्कार करणारे थोडे नाहीत. पंखा ३० ला, कंपनीची मूळ वायर ८७-ए ला, नवा प्लस ८७ ला. रिले पडून असेल तेव्हा पंखा कंपनीच्या ताब्यात, बटण दाबले की आपल्या ताब्यात. दोन्ही वाटा एकमेकींना कधीच भेटत नाहीत, त्यामुळे उलट्या विजेचा प्रश्न मिटतो. विद्युतशास्त्राच्या दृष्टीने ही मांडणी स्वच्छ आहे, पण आपल्या अटीत ती बसत नाही. इथे मूळ वाटेच्या मध्ये आपण एक रिले घुसवला. त्याचा काँटॅक्ट पावसात गंजला तर ऑटोही गेले. ज्या जोडणीत आपण लावलेली वस्तू बिघडली तरी कंपनीची यंत्रणा जशीच्या तशी चालू राहते, तीच निवडावी. समांतर जोडणीत मात्र एक हिशेब लक्षात ठेवायला हवा: बटण आणि ऑटो एकाच वेळी चालू असले की पंख्याच्या सामाईक वायरला दोन फ्यूजमधून वीज मिळते, आणि दहा-दहाचे दोन फ्यूज असतील तर शॉर्ट झाल्यास ती वायर वीस अँपिअरपर्यंतच्या प्रवाहाने तापू शकते. पंखा चार अँपिअर घेत असेल तर नवा फ्यूज साडेसातच्या वर नेऊ नये, आणि तो बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात असावा. बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला कोणाचेच संरक्षण नसते.

रिलेशिवाय थेट बटणातून पंखा चालवला तर काय बिघडते, असा प्रश्न दुकानात हमखास विचारला जातो. फिरणारा पंखा चार अँपिअर घेत असला तरी सुरू होताना क्षणभर तीन-चार पट घेतो, आणि हँडलवरची छोटी बटणे त्यासाठी नसतात. रिलेची कॉइल जेमतेम दीडशे मिलिअँपिअर घेते. तेवढ्यावर बटण वर्षानुवर्षे टिकते आणि हँडलपर्यंत बारीक वायर पुरते. कॉइलला समांतर डायोड असलेला रिले मिळाला तर तोच घ्यावा, नाहीतर कॉइल सुटताना निघणारा व्होल्टचा झटका बाकीच्या नाजूक वस्तूंपर्यंत जातो. पंख्याच्या मुख्य वायरसाठी एक चौरस एमएम पुरेशी आहे: दोन मीटर तांब्यात चार अँपिअरला ०.१५ व्होल्टसुद्धा पडत नाहीत. खरी गळती जोडावर होते. सोलून पिळलेल्या आणि टेप गुंडाळलेल्या जोडाचा रोध ०.३ ओम झाला, तर एक व्होल्टहून अधिक तिथेच जातो आणि जवळपास पाच वॉट उष्णता त्या टेपखाली साठते. राधानगरी-गगनबावडा पट्ट्यातल्या पावसाळ्यात अशा जोडाच्या तांब्यावर हिरवा थर चढायला एक हंगाम पुरतो. सोल्डर आणि हीट श्रिंक स्लीव्ह, नाहीतर रबरी सील असलेला कनेक्टर, याला पर्याय नाही. प्लस-मायनस उलटे झाले तर मोटर उलटी फिरते आणि समोरच्या वाऱ्याविरुद्ध हवा ढकलते. आवाजावरून हे कळत नाही. रेडिएटरसमोर कागद धरावा, तो जाळीला चिकटला पाहिजे.

बॅटरीची काळजी करणाऱ्यांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. ड्यूकसारख्या गाडीत आठ अँपिअर-तासाची बॅटरी असते. इंजिन बंद ठेवून चार अँपिअरचा पंखा तासभर चालला तर निम्मी जाते आणि स्टार्टर रडू लागतो. म्हणून कॉइल चावीच्या लाइनवरच हवी. गाडी उभी केल्यावर थोडा वेळ पंखा चालला तर इंजिन लवकर निवेल असे अनेकांना वाटते, पण पाण्याचा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन थांबले की कूलंट जवळजवळ जागच्या जागी थांबते, आणि पंखा फक्त रेडिएटर गार करतो. तापलेले हेड तसेच राहते. चालू गाडीत चार्जिंग पुरते की नाही हे पाहायला आयडलवर, हेडलाइट आणि पंखा दोन्ही चालू असताना, बॅटरीवर मीटर लावावा. तेरा व्होल्टच्या वर असेल तर चिंता नाही. हळूहळू खाली घसरत असेल तर पंखा गरजेपुरताच वापरावा, आणि दुकानातल्या जादा लाइटांचा मोह आवरावा.

उरलेले आक्षेप वेगवेगळ्या वजनाचे आहेत. कंपनीच्या गाड्यांत सेन्सरची वायर तुटली तर ईसीयू बऱ्याचदा पंखा स्वतःहून कायम चालू ठेवतो, मग बटण कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. पण ती खबरदारी रिले जळण्यावर किंवा थोडे चुकीचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरवर चालत नाही. कमी तापमानाला चालू होणारा थर्मोस्विच मिळत असेल तर जुन्या गाडीत तो बटणापेक्षा चांगला, हे मी खुशाल मान्य करतो. तो ऑटोच राहतो. वॉरंटीचा धोका खरा आहे: वायरिंगला हात लावलेल्या गाडीचा विद्युत दोष कंपनी नाकारू शकते, तेव्हा वॉरंटी संपेपर्यंत थांबणे स्वस्त. कायद्याची भीती मात्र फारशी नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करते. पंख्याचे बटण त्या तपशिलांत येत नाही. आणि पुराचा मुद्दा, जो या जिल्ह्यात हसण्यावारी नेता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला. पाण्यातून गाडी काढताना फिरणारा पंखा पाणी कापू लागला तर पाती मोडतात, मोटर जळते. मग निदान त्या वेळी तरी बंद करण्याची सोय नको का? कारसाठी हा प्रश्न खरा आहे. मोटरसायकलचा पंखा मात्र पुढच्या चाकाच्या मागे, बऱ्याच उंचीवर असतो. तिथपर्यंत पाणी येते तेव्हा एअर फिल्टरही दूर राहिलेला नसतो, आणि त्या पाण्यात गाडी घालणे हीच चूक असते. गुडघाभर पाण्यातून जाणे अगदीच अटळ असेल तर पंख्याचे दोन्ही फ्यूज उपसून खिशात ठेवावेत. फ्यूज उपसायला गाडी थांबवावी लागते, सीट काढावी लागते, विचार करावा लागतो. अंगठ्याच्या एका चुकीने ते होत नाही, आणि बंद करण्याच्या अधिकाराला एवढी अडचण हवीच.

जोडणी झाली की तपासणी दोन्ही वाटांची वेगवेगळी करावी. नवा फ्यूज काढून गाडी आयडलवर तापू द्यावी. नेहमीच्या तापमानाला पंखा आपोआप सुरू झाला आणि बंद झाला, म्हणजे कंपनीची वाट शाबूत. मग तो फ्यूज परत बसवून गार गाडीत बटण दाबावे. चावी चालू करताच पंखा फिरला पाहिजे आणि चावी काढताच थांबला पाहिजे. गाडीत खंड प्लस बाजूला असेल तर पंख्याचा मूळ रिले काढून बटण पुन्हा दाबून पाहावे, म्हणजे दुसरी वाट खरोखर स्वतंत्र आहे हेही कळते. शेवटी रिलेच्या चार नंबरांसह जोडणीचा नकाशा कागदावर काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत सीटखाली, नव्या फ्यूजच्या शेजारी ठेवावा. पुढे कधी ही गाडी विकली गेली किंवा दुसऱ्या मेस्त्रीच्या हाती लागली, तर कंपनीच्या डायग्राममध्ये नसलेली ही वायर पाहून तो ती कापून टाकणार नाही.